गुरुजींनी दिलेली तीन वर्षं

१ जून, धावडा

सकाळपासून फोन चालू. वाढदिवस. आमच्या रग्बी संघात आज तिघांचा असतो. मी, नांदेडचा तो धिप्पाड गडी आणि साताऱ्याचा एक. मागच्या हंगामात फिजीहून आलेल्या खेळाडूने विचारलं होतं, तुमच्याकडे पोरं याच दिवशी होतात का? नांदेडवाला म्हणाला, होय, सरकारी नियम आहे. त्या बिचाऱ्याला खरं वाटलं.

इथे मात्र वाढदिवसाचं कुणाला काही नाही. मायला म्हटलं, आज मला सव्वीस पूर्ण झाली. ती मेंढीच्या पायातला काटा काढत होती. वर न बघता म्हणाली, "आज शाळेचा वाढदिवस हाये तुहा." बरं म्हटलं, शाळेचा तर शाळेचा.

मांडीमागची शीर अजून ओढते. घरी येऊन तिसरा आठवडा. संघाच्या फिजिओ मॅडमने दिलेले व्यायाम गोठ्यासमोर पोतं अंथरून करतो. मेंढरं बघतात.

दुपारी आमच्या प्रशिक्षक सरांचा फोन आला. आधी शुभेच्छा दिल्या, मग आवाज बदलला. संघाच्या ऑफिसचं ठरलं आहे. पुढच्या दोन हंगामांसाठी विंगरची एकच जागा शिल्लक, मी किंवा रुपेश. रुपेश एकवीसचा आहे, डहाणूकडचा. माझ्याच शेजारी बूट काढतो, माझ्याकडूनच कडेची चाल शिकला. सर म्हणाले, "अनुभव तुझा, वयही अजून हातात आहे. अठ्ठावीसच्या पुढचा विंगर त्यांना नकोच होता. चोवीस तारखेची चाचणी नीट दे, बाकी मी बघतो."

म्हणजे जागा जवळपास माझी. रुपेशला फोन करावा वाटला, पण बोलणार काय? नाही केला.

संध्याकाळी मायने शेजारणीला माझं काम समजावून सांगितलं. "मधी समदे एकमेकाच्या उरावर पडते, मारामारी चालू राह्यते. मव्हा सोपान तिकडं जातच न्हाई. चेंडू घेऊन कडंकडंनं पळून जातो." विंगरची यापेक्षा चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.


३ जून

जसं झालं तसं लिहितो.

शेजारच्या घरची सुनंदाताई माहेरी आली. मंठ्याला दिलेली, नवऱ्याचं बी-बियाण्याचं दुकान. मुलगी पाचवीत गेली आता. ओसरीत सगळे चहा पीत बसलो होतो. मी म्हणालो, सुनंदाताई, पोरगी तुझ्यासारखीच लांब ढांगा टाकते.

माय हसली. "ताई काहून म्हणतो रे तिला अजून? आठ दिसानं तूच मोठा हाये तिच्याहून."

मला वाटलं गंमत करतेय. म्हटलं, माय, ती तीन इयत्ता पुढे होती माझ्या.

"इयत्ता पुढं व्हती. तू मेंढरामागं व्हता ना तवा. पोळ्याच्या आदल्या दिशी तू झाला, पोळा झाल्यावर ही झाली भोकरदनच्या दवाखान्यात. हिच्या मायला ताप भरला, दूध आटलं. दोघाला मीच पाजलं. एक इकडं, एक तिकडं."

सुनंदा (आता काय म्हणू तिला?) मान हलवत होती. तिला ठाऊक होतं. तिची तारीख दवाखान्यातली, पक्की. येत्या पोळ्यानंतर तिला तिसावं लागेल.

म्हणजे मलाही.

सव्वीस नाही. एकोणतीस सरत आलं.

मी चहा तसाच ठेवून उठलो. कुणी विचारलंसुद्धा नाही कुठे चाललास म्हणून. कुणाला काही घडल्यासारखं वाटलंच नव्हतं. मागे माय सुनंदाला विचारत होती, मंठ्यात सोयाबीनचं बी काय भावानं चाललंय.


४ जून

सातवीत मला मिसरूड फुटली होती. वर्गात मला 'मामा' म्हणायचे. मलाही मजा वाटायची. मामा पळाला की कुणाला सापडत नाही, असं पोरं म्हणायची. सापडणार कशी? ती अकरा-बारा वर्षांची होती. मी पंधराचा.

पण मी दिसायचो काडी. मेंढरांमागे चालून वाळलेला. म्हणून कुणाला शंका आली नसावी. मलाही नाही आली. मेंढरांमागे हिंडल्याचं आठवतं, खानदेशातली रानं, कापसाच्या पळाट्या, रात्री शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवलेली. मी समजत होतो तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन. सात-आठचा होतो. पोराला आपलं वय दुसऱ्यांनी सांगितल्याशिवाय कुठे कळतं.

चौदा वर्षांखालील तालुका, शंभर मीटर, पहिला. जिल्हा, पहिला. त्यावरून पुण्याचं खेळाचं वसतिगृह. तिथे रग्बीचे हेच सर आले, म्हणाले चेंडू काखेत धरून असाच पळशील का? पळालो. सतरा वर्षांखालील राज्य. एकोणीस वर्षांखालील देश. प्रत्येक पायरीला माझ्या शेजारी लहान पोरं होती. मनगटाचा एक्स-रे काढून वय बघतात म्हणे आता. आमच्या वेळी दाखला बघितला की झालं.

मग मी कधी खरंच जलद होतो का?

हा प्रश्न काल दुपारपासून डोक्यात आहे. मोठ्यांदा विचारायलाही भीती वाटते. लोक म्हणायचे उपजत वेग आहे. वर्तमानपत्रात आलं होतं, मराठवाड्याचं वारं. माय ते कात्रण अजून देव्हाऱ्यामागे ठेवते. मी वारं नव्हतो. लहान पोरांत उभा केलेला मोठा पोरगा होतो, एवढंच.


५ जून

आबांना विचारलं. बापाला असं विचारायचं कसं, सकाळभर जमेना. शेवटी ते बांधावर विडी ओढत बसले तेव्हा शेजारी जाऊन बसलो.

आबांना माझा चेहरा बघून आधी वाटलं पायाचं काहीतरी वाईट निघालं. खरी गोष्ट सांगितली तेव्हा मोकळं हसले.

"येवढंच का? आरं, गुरुजींनीच केलं ते. तुला नेलं नाव घालायला, तर म्हणाले उशीर केला, पोरगं थोराड झालं. मंग म्हणाले, राहू द्या, सहाचं लावतो. एक जून टाकतो. उद्या पोलीस भरतीला तीन सालं ज्यादा भेटतील. लई भला माणूस. चहाबी न्हाई घेतला."

मी म्हटलं, आबा, हे खोटं झालं.

"खोटं काहून? गावात इच्यार. कुणाची तारीख खरी हाये? मही तरी मला कुठं ठावं हाये?" मग विडी विझवून माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तुला तीन सालं फुकटात भेटली, सोपान. तुह्या जोडीची पोरं दमली आसतील. तू अजून खेळून राह्यला. गुरुजींचा फोटो लावाय पायजे घरात."

राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. आबांच्या डोळ्यांत कपट असतं तर बरं झालं असतं. ते खरंच आनंदात होते. गावच्या गुरुजीने गरिबाच्या पोराला देता येण्यासारखी एकच वस्तू दिली आणि ती यांनी जपून ठेवली, असं काहीतरी.

गुरुजी वारले. नाहीतर जाऊन भांडलो असतो. किंवा पाया पडलो असतो. सांगता येत नाही.


६ जून

काही नाही. व्यायाम केले. जेवलो. सुनंदाची मुलगी येऊन म्हणाली, मामा, माझ्यासोबत पळ. पाय दुखतो म्हणून सांगितलं. दुखत नव्हता.


८ जून

फिजिओ मॅडमचा फोन. व्हिडिओवर पाय हलवून दाखवला. खूश आहेत. म्हणाल्या, "मागच्या हंगामात मला कळेचना, पंचवीसच्या मुलाची शीर इतक्या सावकाश कशी भरतेय. झोप होत नाही का, खाणं चुकतंय का, किती विचारलं तुला." मी म्हटलं, हो मॅडम. काय हो म्हटलं देव जाणे.

आणि मी मागचं वर्षभर स्वतःला शिव्या देत होतो. आळशी झालास, पैसा मिळाला म्हणून सुस्तावलास, लहान वयात पाय गेले तुझे. जास्तीचा सराव केला, त्यातच शीर गेली. पाय बिचारे खरं बोलत होते. मीच ऐकत नव्हतो.

संध्याकाळी घाटाकडच्या रस्त्यावर पळालो. पहिल्यांदा पूर्ण जोर लावून. शीर धरली नाही. मोबाईलवरची वेळ बघितली आणि रस्त्यातच बसलो. हंगामातल्या माझ्या वेळेइतकीच. सव्वीसचा म्हणून बघितलं तर चिंता वाटावी अशी. एकोणतिसाचा म्हणून बघितलं तर कुणीही पाठ थोपटावी अशी. वेळ तीच, पाय तेच.

सरांना सांगायचं का? सांगितलं तर अठ्ठावीसच्या पुढचा ठरलो, जागा रुपेशची. नाही सांगितलं तर त्या पोराला डहाणूला परत पाठवणार. त्याची तरी काय चूक? माझी तरी काय चूक?

आबा म्हणतात गप राह्य. मायला प्रश्नच कळत नाही.


१० जून, जालना

शाळेच्या वेळच्या कैलासला भेटायला आलो. तो आता एमआयडीसीत, लोखंडाच्या सळ्या काढतात त्या मिलमध्ये. पाळी सुटायच्या वेळेला गेटबाहेर चहाच्या गाडीवर थांबलो. तोंड भाजल्यासारखं लाल, दंडावर डाग. मला बघून मिठी मारली. घामाला लोखंडाचा वास.

कैलास म्हणजे तालुक्याला दुसरा. दर वर्षी दुसरा. मी पहिला. पहिल्यालाच पुढे पाठवायचे. तो गेला असता तर पुण्याला तो राहिला असता, आणि आज या गेटबाहेर कदाचित मी.

रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो. त्याच्यासमोर सगळं फसलं. नुसतं म्हटलं, कैलास, मी तीन वर्षांनी मोठा होतो रे तेव्हा. मला मागच्या आठवड्यात कळलं.

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "मंग?"

मंग म्हणजे? तुझी जागा होती ती.

"मही काहून? लेका, मव्हा वाढदिवस कधी आसतो?"

मला ठाऊक नव्हता.

"एक जून." आणि असा हसला की गाडीवाला बघायला लागला. "मला तर दोन डाव नापास करून बसवल्तं, दाखला बी गुरुजींच्या हातचा. मी तुह्याहून मोठा आसन, बारका नसन. मला तवाच समजत व्हतं. तुला न्हाई समजलं व्हय? आन् तरी तू मला हरवायचा, त्याचा लई राग यायचा बिलकुल."

दोघे हसलो. खरंच हसलो, छातीवरचं काहीतरी उतरलं. मग कैलासच एकदम थांबला. विचारलं, "सोप्या, तिसरा कोण यायचा रे?"

आठवेना. एक गोरा पोरगा होता का? मंठ्याकडचा? नाही, मंठ्याचा तालुका वेगळा. पिंपळगावचा असेल. अनवाणी पळायचा, एवढं कैलासला आठवलं. मला तेही नाही. त्याचं वय खरं असेल तर खरा पहिला तोच होता.

आम्ही दोघे बराच वेळ त्याचं नाव आठवत बसलो. नाहीच आठवलं. कैलासची बाईक लावलेली होती तिथे जाऊन तो म्हणाला, "हे तू आता कुणाला सांगत बसू नको. सांगून तो पोरगा काय परत पळणार हाये?"

त्याचं बरोबर असेल. पण मी हलकं व्हायला आलो होतो, आणि जाताना एक माणूस जास्त घेऊन निघालो.


१२ जून

सुनंदाला विचारलं. मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाशी उभी होती, पोरगी पिल्लाला धरायला धावत होती. ताई म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं. तिला हसू आलं. म्हणाली, "म्हण की ताईच. सवयीचं हाये."

म्हटलं, तुला आठवतं का, मी जलद होतो? शाळेच्या आधी. तुझ्या जोडीनं पळायचो तेव्हा.

"जलद? तू?" तिने पोरीकडे बघत सांगितलं. "पावसाळ्यात तुम्ही गावाला यायचे. नदीपस्तोर आपण पळायचो. तुला कधी मला शिवता आलं न्हाई. रडायचा. मंग मी हाळू पळायची, तर त्याचा बी राग यायचा तुला."

माझ्या आयुष्यात खऱ्या जोडीच्या माणसाबरोबर झालेली तेवढीच शर्यत, आणि तीही मी हरलेली. दर पावसाळ्यात.

तिला म्हटलं, मग तू का नाही पळालीस पुढे?

"कुठं पुढं?" ती म्हणाली. चिडून नाही, खरंच विचारत होती. "सातवीनंतर शाळा भोकरदनला. पाठवलं न्हाई." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "सोपान, मला त्याचं काई वाटत न्हाई आता. तू टीवीवर पळतो तवा मी पोरीला सांगते, ह्याला मी हरवेल हाये. तिला खोटं वाटतं."

रात्री तिच्या पोरीला हाक मारून सांगितलं, तुझी आई खरं बोलते.


१४ जून

सरांना फोन केला. सांगून टाकलं. मराठी-हिंदी मिसळून, उलटसुलट, पण सगळं.

पलीकडे सरांनी पंखा बंद केला.

मग सर म्हणाले, "सोपान, आपल्या संघात एक जूनवाले किती?"

तीन, सर.

"आणि मी काय सगळ्यांच्या आयांना फोन करत बसू?" आवाज वर गेला होता. मग खाली आला. "हे मी ऐकलेलं नाही. कागदावर तू सव्वीस आहेस. तुला कागद बदलायचा असेल तर ऑफिसात जाऊन तू स्वतः सांग. माझ्या तोंडून ते निघणार नाही. मी दहा वर्षं तुला पळवलंय, तुझी मान मी नाही कापणार."

मी म्हटलं, आणि रुपेश?

"रुपेशचा विचार चाचणीला कर. पळ आधी. पळूनच हरलास तर हा प्रश्न राहणारच नाही."

तेही खरं. मला वाटलं होतं सर रागावतील किंवा समजावतील, काहीतरी ठरवून टाकतील. त्यांनी उचलून परत माझ्याच हातात दिलं.


१९ जून

पाय चांगला. रोज पळतो. आबांनी नांगरलेल्या रानात पळायला लावलं, म्हणाले ढेकळात पळाला की मैदान हलकं लागतं. त्यांना वाटतं मी ते सगळं विसरलो. मीही तसं दाखवतो.

एक विचार सारखा येतो. मी हरावं, असं मला वाटतंय का? हरलो तर कुणाला काही सांगावं लागणार नाही. रुपेशची जागा रुपेशला, मी घरी. सगळं आपोआप सुटेल. विचार आला की जास्त जोरात पळतो. हरण्याचा आळस मला कधी जमला नाही.


२२ जून

चाचणीसाठी निघालो. मायने शेंगदाण्याची चटणी, भाकरी, तुपाची बाटली दिली. मी विचारलं, माय, त्या दिवशी मी झालो तेव्हा काय होतं? पोळ्याच्या आदल्या दिवशी.

ती बांधता बांधता थांबली. "काय राह्यल? लोकं बैलं धूत व्हते नदीवर. आपल्याला कुठं बैलं. तुहा बाप मेंढरं घेऊन गेल्ता. मी एकटीच. सुनंदीच्या आजीनं नाळ कापली." मग जरा वेळाने म्हणाली, "लई रडत व्हता. म्हटलं, ह्याच्या छातीत दम हाये."

बसमध्ये ते डोक्यातून जात नव्हतं. इतकी वर्षं एक तारीख मिरवली, आणि खऱ्या दिवसाबद्दल आज पहिल्यांदा विचारलं. तेही मीच विचारलं म्हणून कळलं.


२४ जून

चाचणी झाली. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. आत कुणाचा तरी फोन संपायचाय.

सकाळी वजन, उड्या, वळणं. त्यात रुपेश माझ्या पुढे. पोरगा तयार झालाय. माझीच युक्ती माझ्यावर चालवली, आत जायचं दाखवून बाहेर निघाला, आणि वळून माझ्याकडे बघून हसला. शाबासकी मागत होता. मी दिली.

शेवटी सरळ पळणं. सरांनी एकेकट्याला पळवायच्या ऐवजी आम्हा दोघांना शेजारी उभं केलं. का, ते त्यांनाच माहीत. ऑफिसचे दोघेजण खुर्च्यांवर. फिजिओ मॅडम रेघेच्या टोकाला.

शिट्टी. पहिल्या दहा पावलांत तो पुढे. त्याची पाठ दिसली मला. आयुष्यात फार कमी पाठी बघितल्यात मी. वाटलं, चला, सुटलो. मनापासून वाटलं. आणि त्याच वेळी पायांनी काय केलं मला सांगता येणार नाही. मांडीमागे चटका बसला, आता गेली म्हटलं शीर, ती गेली नाही. त्याचा खांदा माझ्या बाजूला आला, मग दिसेनासा झाला.

मी पहिला. एका पावलाने. पुन्हा पळवलं. पुन्हा मीच, अर्ध्या पावलाने.

रुपेश गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. सरळ झाला आणि माझा हात हातात घेतला. "दादा, तुम्ही सव्वीसला असे पळता, मी सव्वीसला असा असेन का?"

पाठीवर थाप मारली.

सर लांबून बघत होते. त्यांना कळलं होतं नुकतं काय झालं ते. त्या मैदानावर आम्हा दोघांनाच कळलं होतं. एकवीसच्या पोराला एकोणतिसाव्याच्या शेवटाला हरवलं. फायदा त्याच्याकडे होता, माझ्याकडे नाही. लहानपणापासून जिंकलो त्यातली ही एकच शर्यत माझी आहे, पूर्ण माझी, कुणी गुरुजीने हात न लावलेली. मी जलद आहे. तीन आठवडे जे विचारत होतो त्याचं उत्तर मिळालं, आणि मी मूर्खासारखा स्वच्छतागृहात जाऊन रडलो.

आता गंमत अशी. गप्प बसलो तर हा सव्वीसच्या माणसाचा विजय. ठीक, चांगला, त्यात विशेष काही नाही. जागा माझी, दोन हंगाम. आज मी काय केलं ते कुणालाही कधी कळणार नाही. सांगितलं तर सगळ्यांना कळेल मी काय केलं, आणि जागा त्याची, ज्याला मी आत्ताच हरवलं.

रुपेश समोर नळावर डोकं भिजवतोय. हरल्याचं वाईट वाटतंय त्याला, पण माझ्याकडे बघितलं की हसतो.

आतला फोन संपला. दार उघडं केलंय. सर दारात उभे आहेत, नुसते बाजूला सरकले.

वही बंद करतो. आत जायचंय.